त्याच दगडावर: सायकल घेऊन मॉरिशसमधले पहिले नऊ दिवस

पहिला दिवस, शनिवार

मुंबईहून विमानाला साधारण साडेसहा तास लागले. घड्याळ दीड तास मागं केलं आणि सामानाच्या पट्ट्यापाशी सायकलच्या खोक्याची वाट बघत उभी राहिले. खोकं आलं ते एका कोपऱ्यातून फाटूनच.

नोकरी एबेनला, राहायचं क्वात्र बोर्नला. रुजू व्हायला नऊ दिवस बाकी होते. घर लावणं, लेकीची शाळा, बँक ही कामं होतीच, पण मनातलं काम वेगळं होतं. पुण्यात बारा वर्षं मी पहाटे वेताळ टेकडीवर सायकल मारली आहे. इकडे यायचं ठरल्यावर पहिला प्रश्न पडला तो हाच, की 65 किलोमीटर लांब आणि 45 किलोमीटर रुंद बेटावर, जिथे सगळे समुद्र बघायला जातात, तिथे मातीतली वाट मिळेल का? नवरा म्हणाला, "नऊ दिवस आहेत, शोध. गाडी मी चालवतो."

निघण्याआधीच्या रात्री टायर, पॅडल आणि बूट ब्रशनं घासून धुतले होते. बेटावर मूळचं जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय आणि बाहेरून आलेल्या झाडांनीच त्याचं सर्वांत मोठं नुकसान केलंय. टेकडीवरचं गवताचं बी माझ्या टायरच्या खाचेतून तिथे जायला नको होतं. बाहेरून सायकल आणणाऱ्या प्रत्येकानं हे करावं असं मला मनापासून वाटतं. ब्रश आणि बादलीभर पाणी, अर्धा तास लागतो.

भाड्याच्या घराच्या अंगणात खोकं उघडलं. फ्रेम शाबूत होती, मागच्या चाकाचा ब्रेक रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, मात्र वाकला होता. चाक फिरवलं की एका जागी पॅडला घासून सुंऽऽ असा आवाज यायचा. रोटर सरळ करायला घाई चालत नाही. सायकल उलटी ठेवायची, पॅड धरणाऱ्या कॅलिपरमागं पांढरा कागद धरायचा आणि चाक अगदी हळू फिरवत पॅड आणि रोटर यांच्यातली फट बघायची. जिथे फट मिटते तिथे खडूनं खूण करायची. मग अॅडजस्टेबल पान्याचे जबडे स्पिरिटनं पुसून (तेलाचा डाग लागला तर पॅड कामातून गेले) त्या खुणेवर पकडायचे आणि केसभर वाकवायचं. पुन्हा फिरवायचं, पुन्हा बघायचं. पाऊण तासानं आवाज थांबला. लेक शेजारी बसून खडू धरत होती.

संध्याकाळी घराजवळच्या कांदोस टेकडीवर पायीच गेलो. माणसं चालायला आली होती, आपल्या टेकडीवर येतात तशीच. वरून पश्चिमेला समुद्र उन्हात चकाकत होता आणि पूर्वेला, क्यूरपीपच्या अंगाला, पावसाचा करडा पडदा लोंबत होता. ऊन आणि पाऊस दोन्ही एकाच नजरेत, मध्ये दहा-बारा किलोमीटरचं अंतर. पुढचे आठ दिवस मी हेच चित्र वाचायला शिकणार होते.

दुसरा दिवस, रविवार

पहाटे नव्हे, सात वाजता निघाले, कारण जून म्हणजे इथला हिवाळा आणि सूर्यच पावणेसातच्या सुमाराला उगवतो. पाल्मावरून खाली बो सॉन्जच्या दिशेनं गेलं की दोन्ही बाजूंना ऊस लागतो. तोडणी सुरू व्हायची होती. डोक्याच्या कितीतरी वर गेलेला ऊस, त्यावर रुपेरी तुरे, आणि फडांमधून आखलेल्या लाल मातीच्या वाटा. नकाशावर या वाटांची जाळी दिसते. सायकलवाल्याला वाटतं, खजिनाच सापडला.

पहिले चार किलोमीटर मजेत गेले. मग उसाच्या भिंतींमध्ये दिशाच कळेना. प्रत्येक चौक सारखा, वारा उसात सळसळतोय आणि वर फक्त आभाळाची पट्टी. एका वळणावर जीपमधला राखणदार भेटला. तो रागावला नाही. ही इस्टेटची जमीन आहे, आत यायचं तर विचारावं लागतं, असं त्यानं इथल्या क्रिओल बोलीत सांगितलं, "ऊ बिझँ दिमान पेर्मिसियाँ." वाक्य दोनदा म्हणून घेतलं आणि पाठ केलं. तोडणीच्या दिवसांत याच वाटांवरून उसानं भरलेल्या ट्रक आणि ट्रॅक्टर धावतात, आंधळ्या वळणावर ड्रायव्हरला सायकल दिसत नाही, हेही त्यानं हातवारे करून समजावलं. बरोबरच होतं त्याचं. अॅपवर रेघ दिसते. ती जमीन कोणाची आणि त्या दिवशी तिथे काय चाललंय हे रेघ सांगत नाही.

त्यानं दाखवलेल्या सार्वजनिक रस्त्यानं कास्कावेलकडे वळले. आणि तिथे ते ढीग दिसले. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे रचलेले ढीग, काही घराएवढे उंच, काही पायऱ्यापायऱ्यांचे, बाजू इतक्या नेटक्या की गडाचा बुरूज वाटावा. थांबून हात लावला. सच्छिद्र, जड, काळा. आपलाच दगड.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ज्या तप्त ठिकाणावरून लाव्हा उसळून दख्खनचं पठार आणि सह्याद्री झाला, त्याच ठिकाणानं पुढे, भारतभूमी उत्तरेला सरकत गेल्यावर, लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांचे पाये घातले आणि 80-90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्राबाहेर काढलं. आज तीच भट्टी शेजारच्या रियुनियन बेटाखाली धगधगते आहे. सिंहगडाच्या वाटेवरचा खडक आणि हा खडक एकाच चुलीवरचे. वाचलेलं होतं. पण ओल्या बेसॉल्टवर टायर ठेवला की कुठे पकड मिळते आणि कुठे मिळत नाही हे माझ्या हातांना आधीच ठाऊक आहे, असं त्या ढिगापाशी पहिल्यांदा वाटलं आणि या बेटाची भीती निम्मी झाली.

रस्त्याकडेला एक म्हातारे गृहस्थ कोबीच्या वाफ्याला पाणी घालत होते. मी इंग्रजीत दगडांबद्दल विचारलं. त्यांनी माझं नाव विचारलं, आडनाव ऐकलं आणि पाण्याची नळी खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही मराठी? आम्ही पण मराठी." उच्चार फ्रेंच वळणाचे, शब्द शाळेत शिकलेले, जपून ठेवलेले. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडचे. गावाचं नाव घरात कोणाला माहीत नाही, पण गणपतीला झाकरी नाचतात. मी म्हटलं, "काका, आमच्याकडे जाखडी म्हणतात." ते हसले आणि तो शब्द त्यांनी दोनदा म्हणून बघितला.

दगडांचं त्यांनी सांगितलं ते असं. ऊस लावायचा तर आधी रानातला दगड काढायला हवा. यंत्रं नव्हती. आधी गुलामांनी आणि नंतर हिंदुस्थानातून करारावर आणलेल्या मजुरांनी हा दगड हातानं वेचून रचला. "रोस," ते म्हणाले, म्हणजे दगड. "आमच्या माणसांच्या हाताचा." 1834 पासून पुढं सुमारे साडेचार लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तो धक्का, आप्रवासी घाट, आता जागतिक वारसा आहे. त्या धक्क्याबद्दल वाचलेलं विसरता येतं. उसातला तो ढीग मात्र रोज सायकलवरून दिसणार आहे.

निघताना काकांनी उसातून जाण्याऐवजी कुठून जावं ते काडीनं मातीत काढून दाखवलं आणि म्हणाले, "माझा नातू पण सायकल करतो. रविवारी. तुमचा नंबर द्या." दिला.

तिसरा दिवस, सोमवार

पाऊस. बँक. शाळा.

दुपारी सायकलच्या एका दुकानात गेले. बोलायला भाषेची अडचण आली नाही, कारण चेन, टायर, ट्यूबलेस हे शब्द सगळीकडे तेच. मालकानं माझे टायर दाबून बघितले आणि मान हलवली. हे पुण्याच्या मुरमाला ठीक, इथे वर पठारावर चालणार नाहीत. पुढं रुंद, उंच गोट्यांचा टायर घातला. पश्चिमेच्या कोरड्या भागात बाभळीसारखी काटेरी झुडपं आहेत म्हणून टायरमधलं सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, नव्यानं भरलं. ते उष्णतेनं लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी बघत राहायचं. हवा पुढे 20 आणि मागे 23 पीएसआय ठेवली. पुण्यात मी पंचविशीच्या खाली कधी गेले नव्हते.

चौथा दिवस, मंगळवार

ज्यासाठी आले तो दिवस.

वाक्वावरून वर चढत गेलं की मार-ओ-वाक्वाचं धरण लागतं, बेटावरचा सर्वांत मोठा जलाशय, भोवती पाइनची लागवड. तिथून पुढे ल पेत्रँ, राष्ट्रीय उद्यानाचं केंद्र. घरापासून सोळाएक किलोमीटर आणि जवळजवळ सगळा चढ. डांबरी रस्त्यावरून सायकलनंच गेले. चढ तीव्र नाही, पण समोरून आग्नेयेचा वारा येत होता आणि त्या वाऱ्यात पाण्याचे कण होते. हाच तो व्यापारी वारा. समुद्रावरून ओल उचलून आणतो, मधल्या पठारावर टाकतो आणि पश्चिमेला कोरडा उतरतो. पठारावर वर्षाला 4000 मिलिमीटरपर्यंत पाऊस, पश्चिम किनाऱ्यावर 900च्या आसपास. म्हणजे सकाळी मी मुळशीच्या पावसात आणि दुपारी पुण्याच्या उन्हात, एकाच बेटावर.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान 1994 मध्ये झालं, क्षेत्र साडेसहा हजार हेक्टरांहून थोडं जास्त. ल पेत्रँच्या केंद्रावर आधी विचारून घेतलं की सायकल कुठून चालेल. माशाबेची रुंद जंगलवाट चालेल, कुंपण घातलेल्या पट्ट्यांत शिरायचं नाही, अरुंद पायवाटा चालणाऱ्यांसाठी सोडायच्या, असं उत्तर मिळालं. तुम्ही गेलात तर तुम्हीही विचारा, असे नियम वादळानंतर किंवा कामामुळे बदलतात.

पहिले काही किलोमीटर वाट जवळपास सपाट आहे. लाल माती, मधोमध गवताची रेघ, दोन्ही बाजूंना पेरूच्या एका लहान जातीची दाट गर्दी. गोयाव्ह द शिन म्हणतात तिला. बोराएवढी तांबडी फळं, आंबटगोड. लोक बादल्या घेऊन वेचत होते, हंगामाची शेवटची फळं होती. एका बाईंनी ओंजळभर दिली आणि कागदाच्या पुडीतलं मीठ-तिखट वर भुरभुरलं. खाताना वाईट वाटत होतं, कारण हेच झाड जंगलाचा काळ ठरलंय. ब्राझीलकडून आलं आणि आता त्याच्या सावलीत देशी रोप उगवत नाही. कुंपणातले पट्टे त्यासाठीच आहेत. तिथलं पेरूचं झुडूप माणसं हातानं उपटतात आणि आतलं देशी जंगल पुन्हा वर येतं. कुंपणाअलीकडचं आणि पलीकडचं रान शेजारी शेजारी बघितलं की फरक डोळ्यांना दिसतो. आत निरनिराळ्या उंचीची झाडं, खोडांवर नेचे, मध्येच काळ्या सालीचं एबनी. बाहेर एकाच उंचीची एकसुरी हिरवी भिंत.

तिथेच एक कबुतर दिसलं. फिकट गुलाबी छातीचं, तांबूस शेपटीचं, फांदीवर निवांत. 1990च्या सुमाराला रानात ही जेमतेम दहा उरली होती. आता काही शेकडे आहेत. सायकल आडवी ठेवून मी खालीच बसले. ते उडून जाईपर्यंत उठले नाही.

मग दरीचा काठ येतो. वाट संपली असं वाटतं आणि एकदम समोर सगळी गॉर्ज उघडते, तळाशी नदी, दूरवर पश्चिमेचा समुद्र. इथून वाट खाली कोसळते. सीट खाली घेतली, वजन मागं घेतलं आणि निघाले.

इथे माझा अंदाज चुकला. खडकाचं गणित बरोबर होतं, ओल्या काळ्या दगडावर ब्रेक न लावता सरळ रेषेत जायचं, ते जमलं. पण सह्याद्रीत मला ज्याची सवय नव्हती ती मुळं. वाटेला आडवी-तिरपी, साल सोललेली, शेवाळानं बुळबुळीत. कोरड्या मातीत कोन करून घेता येतं तसं यांच्यावर तिरपं चाक टाकलं की ते सरळ खाली घसरतं. दोनदा घसरले. तिसऱ्यांदा पडले आणि मागच्या गिअरमध्ये एक काटकी शिरली. कटकन आवाज आला. गिअर बदलणारा डिरेलर ज्या तुकड्यावर बसतो तो हँगर वाकला होता आणि डिरेलर चाकाच्या तारांना लागत होता. जादा हँगर पुण्याहून आणला होता, पण तो घरी, खोक्यात.

गुडघा सोलला होता, हाताला काही नव्हतं. चेन काढून खिशात ठेवली, डिरेलर तारेनं फ्रेमला बांधला आणि उरलेला उतार पॅडल न मारता, जिथे मुळं दाट तिथे उतरून, हळूहळू उतरले. खरं सांगायचं तर चेन नसताना वाट जास्त नीट दिसली. वेग आपल्या हातात नसतो, मिळेल तो जपायचा असतो, म्हणून चाक कुठे ठेवायचं याचा विचार वीस फूट आधी करावा लागतो. मुळं घ्यायची तर काटकोनात, हलक्या अंगानं, ब्रेक त्याच्या आधी सोडून. तळाला पोचेपर्यंत हे पायांत उतरलं होतं.

खाली नदीकाठचा सपाट रस्ता चालत काढला. गॉर्जच्या खालच्या केंद्रापाशी नवरा आणि लेक गाडी घेऊन उभे होते. वर धुकं, इथे कडक ऊन. लेकीनं गुडघा बघितला आणि विचारलं, "आई, परत जाणार?"

"परवा," मी म्हटलं. पण परवा जमलं नाही.

पाचवा आणि सहावा दिवस

बुधवारी हँगर बदलला, गिअर लावले. मग पाऊस थांबेना. पठारावरची वाट अशा पावसात मारू नये. चाकांनी खोल चर पडतात, पाणी त्यातूनच वाहतं आणि वाटेचा ओढा होतो. हे मी टेकडीवर डोळ्यांदेखत बघितलेलं आहे.

बाजारात ढॉल पुरी खाल्ली. ती जोडीनंच मिळते, "एन पेर" म्हणायचं. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं सारण, वर वालासारख्या दाण्यांची आमटी आणि हिरवी मिरची. आमच्या घरी होळीला जी पोळी होते तिची ही तिखट धाकटी बहीण. सायकलवाल्याच्या खिशात न्यायला यापेक्षा चांगला खाऊ मी पाहिला नाही, कागदात गुंडाळली की दोन तास मऊ राहते.

सातवा दिवस, शुक्रवार

आता वारा आणि ढग बघून ठरवायला लागले होते. कांदोसवरून पूर्व काळी दिसली, म्हणून पश्चिमेला, काज नोयालहून शामारेलचा घाट. डांबरीच आहे, पण वळणं आपल्या वरंधाची आठवण देणारी, आणि प्रत्येक वळणावर मागं खाली ल मोर्नचा कडा आणि खाडीचं निळं पाणी. घामानं डोळे चुरचुरत होते. हिवाळा असला तरी पश्चिमेचं ऊन उष्ण कटिबंधातलंच. दोन तासांना दोन लिटर पाणी आणि त्यात चिमूटभर मीठ, हे माप मला पुरलं.

वर पोचल्यावर या बेटावरच्या वाटांची दुसरी तऱ्हा कळली. शामारेलच्या आणि दक्षिणेला बेल ऑम्ब्रच्या बाजूला मोठ्या खासगी जमिनी आहेत. त्यांतल्या काही ठिकाणी पैसे भरून, वाटाड्या घेऊन सायकल करता येते. मला आधी हे रुचलं नव्हतं, टेकडी कधी कोणी विकत घेतली नाही अशा गावातून मी आलेली. एका जमिनीवर आत जाऊन बघितलं तेव्हा मत बदललं. वाटा राखलेल्या, उतारावर पाणी बाहेर काढलेलं, झाडं कापलेली नव्हती. आणि वाटाड्या असण्याचं आणखी एक कारण आहे. या रानांत जावाहून आणलेली हरणं पाळली जातात आणि थंडीच्या महिन्यांत शिकारीचा हंगाम असतो. बंदुका घेतलेली माणसं ज्या रानात आहेत तिथे कोणी न सांगता सायकल घेऊन शिरलं तर काय होईल, हे सांगायला नको. फाटकावरची "प्रोप्रियेते प्रिव्हे", म्हणजे खासगी मालमत्ता, ही पाटी मला आता उद्धट वाटत नाही.

वाटाड्या पोरगा विशीतला. साप विषारी नाहीत, तो म्हणाला, पण मूश जोनकडे लक्ष ठेव. पिवळी गांधीलमाशी, झुडपात पानाखाली पोळं करते, अरुंद वाटेवर खांदा घासला की संपलं. त्यानं हँडलच्या उंचीवर असलेलं एक पोळं दाखवलं, मुठीएवढं, राखाडी, त्यावर पाच-सहा माश्या पंख मिटून बसलेल्या. तेव्हापासून मी पूर्ण बाह्यांचा सदरा घालते.

आठवा दिवस, शनिवार

लेकीसाठी राखून ठेवलेला. ल मोर्नपासून बे-द्यू-कापपर्यंत किनाऱ्याच्या रस्त्यानं तिची छोटी सायकल आणि माझी मोठी. ल मोर्नच्या कड्यावर सायकल जात नाही, जाऊही नये. पळून आलेले गुलाम या डोंगराच्या आसऱ्याला राहत होते. 2008 पासून तोही जागतिक वारसा आहे. पायथ्याशी उभं राहून तिला तेवढं सांगितलं. तिनं विचारलं, "मग दगड रचणारे तेच का?"

"काही तेच," मी म्हटलं, "आणि काही आपल्याकडून आलेले."

रात्री फोन वाजला. कास्कावेलच्या काकांचा नातू. उद्या सकाळी, तामारँच्या मागच्या टेकाडांवर, परवानगी घेतलेली आहे, आणि जुने हातमोजे आण.

नववा दिवस, रविवार

हातमोजे सायकलसाठी नव्हते.

अकरा जण होते. दोन तास सायकल झाली. कोरडी, भुरभुरीत तांबडी माती, मध्ये काळे दगड, काटेरी झुडपं आणि वळणावळणाची एक पाऊलवाट. वाट अरुंद, इतकी की दोन झाडांमधून हँडल जेमतेम जातं. समोर तामारँच्या उपसागरावर लाटा फुटताना दिसत होत्या. माती पुण्याची, वास समुद्राचा. इथे माझं काही अडलं नाही. कोरड्या मुरमावर मागचं चाक सुटतं तेव्हा घाबरून ब्रेक दाबायचा नाही, सुटू द्यायचं, हे बारा वर्षं टेकडीनं शिकवलेलं आहे. पुढं चाललेल्या मुलानं मागं वळून "कोरेक?", म्हणजे ठीक ना, असं विचारलं. कोरेक, मी म्हटलं, आणि त्यानं वेग वाढवला. तो दर वर्षी रियुनियनला जातो. तिथे 2000 मीटरच्या वरून समुद्रापर्यंत उतरणाऱ्या वाटा आहेत. पुढच्या वर्षी चल म्हणाला.

मग सायकली झाडाला टेकवल्या आणि गाडीतून कुदळी आणि फावडी निघाली. मागच्या चक्रीवादळात एका ओघळानं वाट खाऊन टाकली होती. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस, इशारे एक ते चार अशा वर्गांत दिले जातात, आणि वादळ गेल्यावर पहिले काही आठवडे सायकलऐवजी कुदळच चालवावी लागते, असं ते सांगत होते. वाट राखायची ही अट इस्टेटीनं घातलेली नाही. ती यांनी स्वतःवर घालून घेतली आहे.

ते ओघळात माती भरत होते. मी थोडा वेळ गप्प राहिले, नवीन माणूस म्हणून. मग राहवलं नाही. माती पुढच्या पावसात जाईल, टेकडीवर आमची तीनदा गेली होती. काकांच्या नातवाला सांगितलं की आधी वरच्या अंगाला तिरपा चर काढू आणि पाणी वाटेबाहेर घालवू, आणि ओघळात माती न भरता दगडांचं पिचिंग करू. मोठे खाली, उभे, एकमेकांत अडकवलेले, फटींत बारीक. त्यानं बाकीच्यांना क्रिओलमध्ये सांगितलं. चर्चा झाली. एका वयस्क गृहस्थांचं म्हणणं पडलं की उभे दगड टायर फाडतील, म्हणून वरची धार खाली करून बसवायचं ठरलं. त्यांचं बरोबर होतं, आमच्या टेकडीवर ती चूक झालेली आहे.

दगड हातोहात येत होते. काळे, सच्छिद्र, उन्हानं तापलेले. हातमोज्यातूनही त्यांची धग लागत होती. एक दगड मी दोनदा फिरवून बसवला आणि तिसऱ्यांदा तो खट्ट करून जागेवर बसला, हलेना. नातवानं त्यावर उभं राहून बघितलं. मग तो पुढचा दगड आणायला गेला.

साडेअकराला पंधरा फुटांचं काम झालं होतं. ढॉल पुऱ्या निघाल्या, आळूदाच्या बाटल्या निघाल्या, म्हणजे सब्जाचं बी घातलेलं गार दूध. पलीकडे पठारावर ढग काळे होत चालले होते आणि आमच्यावर ऊन.

उद्यापासून ऑफिस. संध्याकाळी फोनवर गटाचा निरोप आला. पुढचा रविवार, सकाळी साडेसहा, ल पेत्रँ, माशाबेची वाट. आणि खाली एक ओळ, "सी लाप्ली तोंबे, तामारँ." पाऊस पडला तर तामारँ.